चार मेंबरचं हेझलकास्ट, ठरलेली वीजबंदी आणि हरवलेल्या डिस्पॅच नोंदी: बंद करायचा क्रम कोणता?

टॉवेल_डिस्पॅच (अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर)

नमस्कार मंडळी. टॉवेल निर्यात युनिटची ऑर्डर आणि डिस्पॅच प्रणाली आहे, सर्व्हर युनिटच्याच खोलीत. हेझलकास्ट (डेटा अनेक मशीनच्या मेमरीत वाटून ठेवणारं ग्रिड) ५.३ ची मोफत आवृत्ती, जावा १७. चार मेंबर (ग्रिडचे नोड) चार व्हीएमवर (आभासी मशीनवर), आणि त्या व्हीएम दोन फिजिकल सर्व्हरवर, प्रत्येकी दोन. मेंबर वेगळे चालत नाहीत, स्प्रिंग बूटच्या (जावाच्या एका चौकटीतल्या) ॲपमध्येच एम्बेड केलेत. प्रत्येकाला १६ जीबी हीप (जावाची मेमरी), बॅकअप-काउंट १, म्हणजे प्रत्येक नोंदीची दुसऱ्या मेंबरवर एक जादा प्रत. बॅकअप धरून एकूण डेटा ३६ जीबीच्या आसपास, म्हणजे मेंबरमागे ९. मागे पोस्टग्रेस डेटाबेस, तिसऱ्या फिजिकल मशीनवर. मॅपस्टोअर (ग्रिडमधल्या नोंदी डेटाबेसला पोचवणारा दुवा) राइट-बिहाइंड, म्हणजे नोंद आधी मेमरीत आणि मागाहून डेटाबेसमध्ये, राइट-डिले ३० सेकंद.

महिन्यातून एकदा पॅनेलच्या कामासाठी वीज ठरवून बंद असते, आणि गड्ड्याच्या (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सगळं उतरवून ठेवावं लागतं. दोन पद्धती वापरल्या.

पहिली: चारही ठिकाणी एकदम 'सिस्टिमसीटीएल स्टॉप' (लिनक्सच्या सिस्टिमडी या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमची थांबवण्याची आज्ञा). काही सेकंदांत सगळं शांत. पण पुन्हा चालू केल्यावर बंद करण्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटातल्या नोंदी पोस्टग्रेसमध्ये सापडत नाहीत. गंमत म्हणजे दर वेळी असं होत नाही.

दुसरी: हेझलकास्टच्या शटडाऊनहुक.पॉलिसीला (प्रोसेस बंद होताना कसं वागायचं ते सेटिंग) 'ग्रेसफुल' (डेटा दुसऱ्यांकडे सोपवून मग जाणं) लिहून एकेक मेंबर काढला. पहिला दीड मिनिट चालला आणि सिस्टिमडीने त्याला मारलं. दुसरा काढताना उरलेल्यांपैकी एकाला आउटऑफमेमरी.

क्रम नेमका काय असावा? टाइमआउट किती? यूपीएसवर साधारण २० मिनिटं मिळतात, तेवढ्यात बसवायचं आहे.

---

कडक_भाकरी

तुम्ही दोन वेगळी कामं एकाच दोरीने बांधताय. एक मेंबर काढून बाकी ग्रिड चालू ठेवणं हे एक काम. अख्खं ग्रिड झोपवणं हे दुसरं. पहिल्या कामात त्या मेंबरचा डेटा दुसऱ्यांकडे हलवावा लागतो. दुसऱ्यात तो हलवून उपयोगच नाही, कारण ज्याच्याकडे हलवाल तोही पाच मिनिटांत बंद होणार आहे. मोफत आवृत्तीत डिस्कवर टिकवण्याची सोय नाही, ती एंटरप्राइजमध्ये आहे. त्यामुळे शेवटचा मेंबर गेला की मेमरीतलं सगळं जातं, आणि ते चालतंही, कारण खरी प्रत पोस्टग्रेसमध्ये आहे. अट एकच: पोस्टग्रेसला अजून न पोचलेलं असं ग्रिडमध्ये काही उरता कामा नये. तुमचा सगळा क्रम या एका अटीभोवती बसवा.

आउटऑफमेमरीचा हिशेब सोपा आहे. ३६ जीबी चौघांत, प्रत्येकी ९. एक गेला की ३६ तिघांत, प्रत्येकी १२. १६ च्या हीपमध्ये ते ७५ टक्के, जेमतेम श्वास घेता येतो. दुसरा गेला की ३६ दोघांत, प्रत्येकी १८. १६ मध्ये १८ मावणार कसे? हेझलकास्ट आज्ञाधारकपणे बॅकअपची प्रत पूर्ण करत बसतं आणि मेमरी संपते. म्हणून चौघांना ग्रेसफुल पद्धतीने एकामागून एक काढणं तुमच्या मांडणीत कधीच जमणार नाही, टाइमआउट कितीही वाढवा.

पहिला मेंबर मारला गेला त्याचं कारण वेगळं. सिस्टिमडीचा थांबण्याचा मूळ टाइमआउट ९० सेकंद आहे. ९ जीबी डेटा १ गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला ११० एमबीच्या वेगाने गेला तरी ८० च्या वर सेकंद लागतात, आणि तेही तार पूर्ण मोकळी मिळाली तर. शिवाय त्याच वेळी उरलेले मेंबर आपापसात बॅकअप नव्याने बांधत असतात. ९० सेकंदांत हे बसत नाही. ९० झाले की सिगकिल (सक्तीने मारणं), आणि सिगकिलनंतर कुठलाही हुक (बंद होताना चालणारा कोड) चालत नाही. हेझलकास्ट स्वतः ग्रेसफुल शटडाऊनसाठी मूळ ६०० सेकंद थांबायला तयार असतं (ग्रेसफुल.शटडाऊन.मॅक्स.वेट), म्हणून युनिट फाइलमध्ये टाइमआउटस्टॉपसेक ६६० तरी हवा. बाहेरचा टाइमआउट आतल्यापेक्षा नेहमी मोठा.

आता अख्खं ग्रिड बंद करण्याचा क्रम.

आधी आवक तोडा. ॲप आणि मेंबर एकाच जेव्हीएममध्ये (जावाच्या प्रोसेसमध्ये) असल्याने 'आधी ॲप बंद, मग ग्रिड' हे तुम्हाला शक्य नाही. म्हणून पुढच्या वेब सर्व्हरवर, म्हणजे एनजिनएक्सवर, देखभालीचं पान लावा, बारकोड स्टेशनकडून येणाऱ्या विनंत्या तिथेच अडवा, आणि शेड्यूल केलेली कामं, रांगेतून वाचणारे कन्झ्युमर थांबवा. शेड्यूल कामं लोक हमखास विसरतात. एनजिनएक्स बंद असला तरी ती आतून लिहीत राहतात.

मग फ्लश, म्हणजे रांगेतल्या नोंदी डेटाबेसमध्ये ढकलणं. मॅपस्टोअर असलेल्या प्रत्येक मॅपवर फ्लश() बोलवा, चारही मेंबरवरून बोलवलं तरी बिघडत नाही. त्यानंतर प्रत्येक मेंबरच्या लोकलमॅपस्टॅट्समधला डर्टीएंट्रीकाउंट पाहा. अजून डेटाबेसला न पोचलेल्या नोंदींचा तो आकडा आहे, आणि तो त्या मेंबरपुरता असतो, म्हणून चारही ठिकाणी शून्य दिसायला हवा. '३० सेकंदांचा डिले आहे, मिनिटभर थांबलो, झालं' असं धरू नका. पोस्टग्रेस हळू असेल किंवा एखादी नोंद कन्स्ट्रेंटमुळे (डेटाबेसच्या नियमामुळे) परत फिरत असेल, तर आकडा शून्यावर येतच नाही. तसं झालं तर पुढे जाऊ नका, लॉगमध्ये कोणती नोंद अडलीय ते शोधा. बंद करण्याच्या गडबडीत ती नोंद ग्रिडबरोबर गेली की मागे पुरावाही राहत नाही.

फ्लश हे पॅसिव्ह अवस्थेच्या आधीच करायचं. क्लस्टर (चारही मेंबर मिळून) पॅसिव्ह झालं की मॅपवरच्या लेखनक्रिया नाकारल्या जातात.

मग हेल्थ एंडपॉइंट. क्लस्टर-सेफ विचारल्यावर २०० आलं पाहिजे. ५०३ म्हणजे बॅकअप अजून जुळलेले नाहीत. मायग्रेशनची (मेंबरांमध्ये डेटा हलवण्याची) रांग शून्य आहे हेही बघा.

मग क्लस्टरचं शटडाऊन(), एका मेंबरचं नव्हे. गेटक्लस्टर() मधून मिळणारी शटडाऊन() पद्धत आधी सगळ्या क्लस्टरची अवस्था पॅसिव्ह करते आणि मग प्रत्येक मेंबरला बंद व्हायला सांगते. पॅसिव्हमध्ये मायग्रेशन होत नाही, म्हणून ९ चे १२ आणि १२ चे १८ हा प्रकारच उद्भवत नाही. हे करत असतानाच मेंबरयादी बदलली किंवा मायग्रेशन चालू असलं तर अवस्था बदलायला नकार येतो आणि इलीगलस्टेट अपवाद फेकला जातो. घाबरायचं कारण नाही, रांग शून्य होऊ द्या, परत बोलवा.

यासाठी हेझेड-क्लस्टर-ॲडमिन ही स्क्रिप्टही आहे. पण तिला रेस्ट (एचटीटीपीवरून आज्ञा घेण्याची सोय) लागतं, ते मुळात बंद असतं, आणि चालू केल्यावरही क्लस्टर-राइट हा गट वेगळा उघडावा लागतो. मॅनेजमेंट सेंटर (हेझलकास्टचं देखरेखीचं साधन) परवान्याशिवाय ३ मेंबरपर्यंतच, तुमचे चार, त्यामुळे तो रस्ता बंद. एम्बेडेड ॲप आहे, तर ॲपमध्येच एक ॲडमिन एंडपॉइंट लिहा, फक्त लोकलहोस्टवरून चालणारा. ते मला रेस्ट गट उघडण्यापेक्षा बरं वाटतं.

शेवटी पोस्टग्रेस, मग व्हीएम, मग फिजिकल सर्व्हर. पोस्टग्रेस ग्रिडच्या आधी कधीच नाही.

---

होटगी_नाका

भाकरीसाहेबांचा क्रम बरोबर आहे. 'दर वेळी होत नाही' याचं कारण मात्र राहिलं, आणि ते न काढता क्रम पाळलात तरी एखाद्या दिवशी फसाल.

हेझलकास्ट स्वतःचा एक जेव्हीएम शटडाऊन हुक लावतं, आणि त्याचं मूळ धोरण टर्मिनेट असतं. टर्मिनेट म्हणजे निरोप न घेता उठून जाणं. डेटा हलवायचा नाही, राइट-बिहाइंडची रांगही रिकामी करायची नाही. दुसरीकडे स्प्रिंगचाही हुक असतो. @बीनमधून (स्प्रिंगने सांभाळायचा घटक) परत केलेल्या ऑब्जेक्टला शटडाऊन() नावाची पद्धत असेल तर स्प्रिंग ती न सांगता बंद करतानाची पद्धत म्हणून धरतं आणि बोलवतं, ती ग्रेसफुल असते. जेव्हीएमचे हुक एकाच वेळी वेगवेगळ्या थ्रेडवर सुटतात, त्यांच्यात क्रम नसतो. स्प्रिंगचा हात आधी पोचला तर नोंदी वाचतात, हेझलकास्टचा आधी पोचला तर जातात. तुमची 'गंमत' हीच आहे.

उपाय: हेझलकास्टचा शटडाऊनहुक.एनेबल्ड फॉल्स करा आणि बंद करण्याची सगळी जबाबदारी स्प्रिंगवर सोडा. पॉलिसी ग्रेसफुल करणं हे अर्धवट औषध आहे. त्याने टर्मिनेट टळतं, शर्यत टळत नाही. हुकवर विसंबू नका, शटडाऊन() स्वतः बोलवा, असं हेझलकास्टच्या दस्तऐवजातही सांगितलंय.

यातच दुसरा खड्डा आहे. मॅपस्टोअरचा क्लास एक्सएमएलमध्ये नावाने दिला असेल तर हेझलकास्ट बीन डेटासोर्सवर अवलंबून आहे हे स्प्रिंगला कळत नाही. मग बंद होताना हिकारी पूल (डेटाबेस कनेक्शनचा साठा) आधी मिटू शकतो, आणि नंतर हेझलकास्ट रांग रिकामी करायला जातं तेव्हा कनेक्शनच नसतं. स्प्रिंग अवलंबित्वाच्या उलट क्रमाने बीन मोडतं, तेव्हा हेझलकास्ट बीनवर @डिपेंड्सऑन लिहून डेटासोर्सचं नाव द्या. ही एक ओळ नसल्यामुळे 'डेटासोर्स हॅज बीन क्लोज्ड' असा अपवाद लॉगच्या अगदी शेवटी येतो, आणि सर्व्हर बंद झाल्यावर लॉगचा शेवट बघतो कोण?

सर्व्हर.शटडाऊन=ग्रेसफुल हे स्प्रिंग बूटचं सेटिंगही लावा (२.३ पासून आहे). त्याने नवी विनंती घेणं थांबतं आणि चालू विनंत्यांना वेळ मिळतो, दर टप्प्याला मूळ ३० सेकंद. लक्षात घ्या, हे ग्रेसफुल वेब सर्व्हरपुरतं आहे. हेझलकास्टच्या ग्रेसफुलशी त्याचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं.

सिस्टिमडीबद्दल तीन गोष्टी.

एक, सिगटर्मनंतर (थांबण्याच्या विनंतीनंतर) जावा १४३ या कोडने बाहेर पडतं, १२८ अधिक १५. सिस्टिमडी त्याला अपयश समजतं. सक्सेसएक्झिटस्टेटस=१४३ लिहा. १३७ (१२८ अधिक ९) किंवा सिस्टिमडीच्या स्टेटसमध्ये '९/किल' दिसलं तर ते मारलं गेलं. बंद केल्यावर चारही मशीनवर हा आकडा बघायची सवय लावा, बाकी लॉग नंतर.

दोन, रीस्टार्ट=ऑल्वेज असेल आणि क्लस्टर शटडाऊननंतर तुमचं ॲप स्वतःहून बाहेर पडत असेल, तर सिस्टिमडी त्याला परत उठवतं. दोन मिनिटांनी रिकामं नवं क्लस्टर उभं! ॲपने स्वतः बाहेर पडू नये. क्लस्टर शटडाऊन झालं, जेव्हीएम नुसती बसून राहिली, मग 'सिस्टिमसीटीएल स्टॉप', असं करा. हाताने दिलेल्या स्टॉपनंतर सिस्टिमडी उठवत नाही.

तीन, आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट लिहिलेलं असू द्या. बंद करताना सिस्टिमडी उलट्या क्रमाने जातं, म्हणून या ओळीमुळे तुमची सर्व्हिस थांबेपर्यंत नेटवर्क जिवंत राहतं. ती नसेल तर मशीन बंद होताना नेटवर्क आधी जाऊ शकतं आणि मेंबर कोणाशीच बोलू शकत नाही. पोस्टग्रेस दुसऱ्या मशीनवर आहे, त्याचा क्रम सिस्टिमडीला कळणार नाही, तो तुमच्या स्क्रिप्टनेच सांभाळायचा.

पुढेमागे कंटेनरमध्ये जाणार असाल तर: डॉकर स्टॉप मूळ १० सेकंद देतं, कुबरनेटीस ३०, आणि प्रीस्टॉप हुकचा वेळ त्या ३० मध्येच मोजला जातो. शिवाय जावा जर शेल स्क्रिप्टमधून एक्झेकशिवाय सुरू केलेला असेल तर सिगटर्म शेलला मिळतो, जावापर्यंत पोचतच नाही.

---

टॉवेल_डिस्पॅच

फार उपयोगी, दोघांचेही आभार. हुक खरंच मूळ स्थितीत होता आणि मॅपस्टोअर एक्सएमएलमध्येच आहे.

ठरवून बंद करण्याचं कळलं. पण न सांगता वीज गेली तर? यूपीएसला नट (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवलंय, यूएसबी एका फिजिकल सर्व्हरला, बाकी दोघे त्याच्याकडून ऐकतात. आणि दुसरा प्रश्न: एक फिजिकल सर्व्हर अचानक गेला तर दोन मेंबर एकदम जातात, तेव्हा काय होतं?

---

शेंगाचटणी

दुसऱ्या प्रश्नापासून. हेझलकास्ट डेटाचे तुकडे, म्हणजे पार्टिशन, करतं; २७१ हा मूळ आकडा. प्रत्येकाची एक मुख्य प्रत, एक बॅकअप, दोन वेगळ्या मेंबरवर. चार मेंबरच्या जोड्या होतात ६. म्हणजे कुठल्याही एका जोडीवर २७१ भागिले ६, साधारण ४५ पार्टिशन अशी असतात की दोन्ही प्रती त्याच दोघांकडे. तो फिजिकल सर्व्हर गेला की ती ४५ गेली, डेटाच्या सहाव्या हिश्शाइतकी. पोस्टग्रेसमध्ये पोचलेलं परत वाचता येईल, राइट-बिहाइंडच्या रांगेतलं नाही.

यावर पार्टिशन-ग्रुप असतो. होस्ट-अवेअर लावून समाधानी होऊ नका, तो आयपी बघतो. तुमच्या चार व्हीएमना चार आयपी, त्याला ते चार वेगळे होस्टच वाटतात. कस्टम लावा आणि आयपी देऊन दोन गट करा, पहिल्या फिजिकल सर्व्हरचे दोन एका गटात, दुसऱ्याचे दोन दुसऱ्यात. मग मुख्य प्रत आणि बॅकअप कधीच एका लोखंडावर येत नाहीत.

आता नट. त्यातला अपसमॉन मुळात 'लो बॅटरी' आल्यावरच बंद करायला घेतो. ग्रिडसाठी ते फार उशिरा. त्यात सगळे मशीन एकाच इशाऱ्यावर एकदम बंद व्हायला लागतात, म्हणजे पोस्टग्रेसही त्याच क्षणी निघतं आणि ग्रिडची रांग लिहायला जागा उरत नाही. अपसशेड (नटचाच टायमर) वापरा: ऑनबॅट (बॅटरीवर गेलं) आलं की १८० सेकंदांचा टायमर सुरू, ऑनलाइन (वीज परत) आलं की रद्द. जनरेटर तेवढ्यात लागतो. टायमर संपला की तुमची स्क्रिप्ट चालेल: आवक तोड, फ्लश, डर्टी शून्य, क्लस्टर शटडाऊन, सर्व्हिस स्टॉप, मग पोस्टग्रेस. हे सगळं संपल्यावरच स्क्रिप्टने एफएसडी (नटचा सक्तीने बंद करण्याचा इशारा) द्यावा.

स्क्रिप्टमध्ये 'डर्टी शून्य होईपर्यंत थांब' याला कमाल मर्यादा घाला, समजा ४ मिनिटं. हाताने बंद करताना अनंत थांबता येतं, बॅटरीवर नाही. मर्यादा उलटली तर उरलेल्या नोंदींच्या किल्ल्या एका फाइलमध्ये लिहून पुढे जा, म्हणजे निदान काय गेलं ते कळेल.

दोन गोष्टी खोलीत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नेटवर्क स्विच त्याच यूपीएसवर आहे का? बऱ्याच ठिकाणी सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच भिंतीच्या सॉकेटवर असतो. वीज गेली की सर्व्हर जिवंत, स्विच मेला. एका सर्व्हरवरच्या दोन मेंबरना वाटतं पलीकडचे दोघे गेले, हार्टबीटचे ('मी आहे' या संदेशाचे) ६० सेकंद संपले की दोन स्वतंत्र क्लस्टर बनतात. मग फ्लश करणार कशावर, पोस्टग्रेसला जायचा रस्ताही तोच स्विच. वायरिंगवाल्याने केबल कुठे खोचली यावर अख्खं शटडाऊन अवलंबून असतं, काय सांगावं.

आणि एसी. एसी यूपीएसवर नसतो. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर ४२ अंश असताना बंद खोलीत २० मिनिटं सर्व्हर चालले तर आतली हवा भराभर तापते. लेड-ॲसिड बॅटरीचा ठोकताळा असा की २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं. आपल्या सोलापुरात दोन उन्हाळे काढलेली बॅटरी कागदावरची २० मिनिटं देईल असं धरून टाइमआउट ठरवू नका. खऱ्या लोडवर एकदा मोजा आणि मिळेल त्याच्या अर्ध्या वेळात सगळं बसवा.

व्हीएम आहेत म्हणून आणखी एक: केव्हीएम (लिनक्सवर व्हीएम चालवणारी प्रणाली) असेल तर लिबव्हर्ट-गेस्ट्सच्या सेटिंगमध्ये ऑन-शटडाऊन समोर काय लिहिलंय ते बघा. 'सस्पेंड' असेल तर व्हीएम बंद होत नाही, गोठवून डिस्कवर ठेवली जाते. दुसऱ्या दिवशी ती जुनी मेंबरयादी डोक्यात घेऊन उठते. 'शटडाऊन' करा, आणि तिथला टाइमआउट व्हीएमच्या आतल्या ६६० पेक्षा मोठा ठेवा.

---

कडक_भाकरी

शेंगाचटणी, बाकी सगळं मान्य, पण कस्टम गटाची सूचना या हीपवर जशीच्या तशी लावली तर पायावर धोंडा.

दोन गट, दोन प्रती. म्हणजे प्रत्येक गटात अख्ख्या डेटाची एक पूर्ण प्रत, १८ जीबी. चारही चालू असताना ठीक, गटात दोघे, प्रत्येकी ९. आता कर्नल अपडेटसाठी पहिल्या गटातला एकच मेंबर ग्रेसफुल काढा. बॅकअप दुसऱ्या गटात टाकता येत नाही, तिथे मुख्य प्रत आहेच. पहिल्या गटाची पूर्ण प्रत उरलेल्या एकट्यावर येते: १८ जीबी, हीप १६. गट नसताना हाच एक मेंबर गेला तर प्रत्येकी १२ होत होते आणि चालत होतं. गट लावल्यावर पहिल्याच पावलाला मेमरी संपेल.

उलट अख्खा फिजिकल सर्व्हर एकदम गेला तर काही बिघडत नाही. एकच गट उरतो, बॅकअप ठेवायला दुसरा गट नाही, म्हणून १८ जीबी दोघांत, प्रत्येकी ९, बॅकअपविना.

तेव्हा गट लावायचेच असतील तर आधी हीप २४ करा, १८ ला ते ७५ टक्के पडतं. व्हीएमची रॅम तेवढी नसेल तर नोंदींना टीटीएल (किती वेळाने आपोआप निघून जायचं ती मुदत) लावून डेटा उतरवा. डिस्पॅच होऊन गेलेली ऑर्डर ग्रिडमध्ये ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही. बॅकअप-काउंट २ करा असं कोणी सुचवेल, त्याचा हिशेबही देऊन ठेवतो: १८ च्या तीन प्रती ५४, चौघांत प्रत्येकी साडेतेरा, आणि एक मेंबर गेला की तिघांत १८. तेही १६ मध्ये बसत नाही.

---

शेंगाचटणी

बरोबर पकडलंत. गटाचा हिशेब मी चारही उभे धरूनच केला होता. हीप आधी, गट नंतर.

---

विडी_घरकुल_९६

थोडं बाजूचं. हेझलकास्ट सोडून दुसरं ग्रिड वापरणारे इथे वाचत असतील तर सवयी तशाच उचलू नका, प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

इन्फिनिस्पॅनमध्ये सीएलआयवर (आज्ञा टाइप करण्याच्या साधनावर) 'शटडाऊन क्लस्टर' आणि 'शटडाऊन सर्व्हर' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. सगळं बंद करायचं असताना 'सर्व्हर'वाली एकेक करून चालवली तर तुमचाच दुसऱ्या पद्धतीचा प्रकार होतो. 'क्लस्टर'वाली रीबॅलन्स न करता अवस्था लिहून ठेवते, आणि परत चालू करताना आधी होते ते सगळे नोड यायची वाट बघते. एक जरी कमी आला तरी कॅश उघडत नाही.

इग्नाइटमध्ये क्लस्टर डीॲक्टिव्हेट करताना सांभाळा: पर्सिस्टन्स (डिस्कवर टिकवण्याची सोय) नसलेल्या कॅशमधला डेटा त्या आज्ञेनेच पुसला जातो, नोड चालू असले तरी. जिओडमध्ये डिस्क स्टोअर असेल तर चालू करताना सगळे सर्व्हर एकदम सुरू करा. ज्याच्याकडे सर्वांत ताजा डेटा आहे त्याची बाकीचे वाट बघत बसतात, आणि एकेक करून सुरू करणाऱ्याला वाटतं सर्व्हर अडकला. कोहेरन्समध्ये सर्व्हिसचा स्टेटसएचए बघा, 'एंडेंजर्ड' असताना नोड काढला तर डेटा गेलाच समजा, निदान 'नोड-सेफ' दिसू द्या.

---

टॉवेल_डिस्पॅच

हिशेब लक्षात आला. गट सध्या लावत नाही, हीपचं बघून मग. शेवटचा प्रश्न चालू करण्याचा. आत्ता वीज आली की चारही व्हीएम आपोआप उठतात, आणि पहिल्या काही मिनिटांत पहिला मेंबर एकटाच सगळा भार घेतो.

---

होटगी_नाका

ॲपची सर्व्हिस बूटवर आपोआप सुरू होणं बंद करा, 'डिसेबल'. फिजिकल सर्व्हर, व्हीएम, पोस्टग्रेस हे आपोआप उठू द्या, ग्रिड हाताने किंवा स्क्रिप्टने. वीज आल्यावर दहा मिनिटांत परत जाणं आपल्याकडे काय नवीन आहे का? ग्रिड अर्धं भरत असताना दुसरा झटका बसला तर बंद करायचा सगळा क्रम अर्धवट अवस्थेत चालवावा लागतो.

पोस्टग्रेस कनेक्शन घेतंय हे तपासून मग चारही मेंबर जवळजवळ एकदम सुरू करा. हेझलकास्टच्या इनिशियल.मिन.क्लस्टर.साइझला ४ लिहा, म्हणजे चौघे जमेपर्यंत कोणी कामाला लागत नाही. नाहीतर पहिला मेंबर २७१ च्या २७१ पार्टिशन घेऊन बसतो आणि पुढचे येतील तसं मायग्रेशन. एकच अडचण: एखादी व्हीएम उठलीच नाही तर बाकी तिघे वाट बघत राहतील. त्या दिवशी आकडा ३ करून चालू करायचा हे स्क्रिप्टच्या वर ठळक लिहून ठेवा, रात्रपाळीतल्या माणसाला ते आठवणार नाही.

मॅपस्टोअरचा इनिशियल-मोड मुळात लेझी असतो, म्हणजे मॅपला पहिल्यांदा हात लागला की लोड सुरू. लोडऑलकीज सगळ्या किल्ल्या परत करत असेल तर सकाळच्या पहिल्या बारकोडला ते ओझं पडतं. ईगर करा. ईगरमध्ये मॅप मिळवणारी ओळ लोड पूर्ण होईपर्यंत थांबते, तेव्हा ॲप तयार आहे हा इशारा त्यानंतरच द्या, आणि एनजिनएक्सवरचं देखभालीचं पान सगळ्यात शेवटी काढा.

---

कडक_भाकरी

एक भर. पान काढण्याआधी ग्रिडमधल्या डिस्पॅच मॅपची साइझ आणि पोस्टग्रेसमधली तितक्याच अटींची काउंट जुळवा, बंद करण्याआधी दोन्ही आकडे लिहून ठेवलेले असतील तर चारही जुळले पाहिजेत. पहिली रंगीत तालीम संक्रांतीच्या आधीच्या एखाद्या रविवारी करा, वीज चालू असताना. यूपीएसची इनपुट केबल काढायची तालीम त्याच्या पुढच्या रविवारी, दोन्ही एकाच दिवशी नको.